सवाल घेतल्याशिवाय पान उचलायचं नाही

गुरुवार, २ सप्टेंबर २००४. सकाळपासून मी चाचांच्या पडवीत बसून रमलाच्या, म्हणजे पासे टाकून भविष्य बघायच्या विद्येच्या, पोथीची पानं मऊ ब्रशने झाडत होते. पान झाडायचं, स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं, झाकण हलकेच टेकवायचं, पडद्यावर चित्र उतरलं की साठवायचं, आणि पान परत फळीवर. या कामात हात गुंततात, डोकं मोकळं राहतं. एरवी मला ते आवडायचं. त्या दिवशी डोकं मोकळं राहणं हीच अडचण होती.

माझा नवरा वीज खात्यात लाइनमन. मंगळवारी सकाळी खात्याच्या जीपने तो धानोऱ्याच्या पलीकडे एका गावाजवळ तुटलेली तार जोडायला गेला. ड्रायव्हरने त्याला खांबापाशी सोडलं आणि पुढच्या गावात दुसरं सामान पोचवायला गेला. परत येऊन बघतो तर खांबाला शिडी तशीच टेकलेली, आणि माणूस नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवले, हाका मारल्या. मग अंधार पडायला लागला म्हणून तो निघून आला. त्याच संध्याकाळी जंगलातल्या दादा लोकांनी, म्हणजे नक्षलवाद्यांनी, बंद पुकारला. रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकली. पोलीस म्हणाले, रस्ता तपासल्याशिवाय एकही गाडी सोडणार नाही. बुधवार तसाच गेला.

ड्रायव्हर मला सांगायला घरी आला होता. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, शिडी होती." तेवढंच दोनदा म्हणाला. त्या शिडीचं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

घरी बसून फोनकडे बघत राहणं मला जमण्यासारखं नव्हतं. शेजारणीला फोनजवळ बसवलं, आणि गुरुवारी नेहमीसारखी कामावर गेले.

कामाचं सांगते. गडचिरोलीत माझं टायपिंगचं आणि छपाईच्या जुळणीचं लहानसं दुकान होतं. लग्नपत्रिका, ठराव, कोर्टाचे कागद असली कामं. लग्नाआधी चंद्रपूरला मी जुन्या जमिनीच्या कागदांच्या नकला करायचं काम केलं होतं, त्यामुळे मोडी वाचता येत होती. नागपूरच्या एका प्राध्यापकांना हे कळलं. ते मध्ययुगातल्या शकुनाच्या आणि रमलाच्या पोथ्या संगणकावर आणत होते. एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी शेजारी लावायच्या, कोणत्या प्रतीत कोणता मजकूर आहे ते दाखवायचं, आणि दुरुस्ती मात्र करायची नाही. "जसं आहे तसं," हे सरांचं आवडतं वाक्य. वाळवीने खाल्लं असेल तर कंसात लिहायचं, अक्षरे गेली. मनाने भरायचं नाही.

त्यांच्याकडे एक प्रत होती, पण तिच्यातला एक भाग हरवलेला. दुसरी प्रत चाचांच्या घरी निघाली. चाचा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. त्यांचे पूर्वज चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पासे टाकून रमल सांगायचे. तो धंदा केव्हाच बुडाला, पोथी मात्र राहिली. सुटी लांबट पानं, दोन लाकडी फळ्यांमध्ये, हिरव्या फडक्यात बांधलेली. वाळवी लागायला लागली म्हणून चाचांनी स्कॅन करू द्यायचं कबूल केलं. पोथी घराबाहेर जाणार नव्हती, म्हणून संगणक, स्कॅनर आणि बॅटरी सायकलरिक्षात घालून मीच त्यांच्या पडवीत मुक्काम टाकला.

पहिल्याच दिवशी मी पान उचलायला गेले तर चाचांनी हातोडी खाली ठेवली.

"बाई, असं रिकाम्या मनानं पान नाई उचलाचं. सवाल घ्या, मंग उचला."

"मी फोटो काढून राह्यली, चाचा. शकुन थोडीच पाहून राह्यली?"

"पोथीले काय माहीत तुम्ही काय करून राह्यल्या? पान उचललं म्हणजे कोणीतरी विचारून राह्यलं. अन् जो जबाब निघन तो वाचून सांगाचा. लपवाचा नाई."

त्यांच्या घरात हा नियम होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वाचता येत नव्हतं, त्यामुळे जबाब वाचायचं काम माझ्याच गळ्यात. मी विश्वास ठेवणारी नाही. पण दुसऱ्याच्या घरात काम करायचं तर त्या घराची रीत पाळायची, एवढं मला कळतं. मी प्रत्येक पानाला सवाल घेऊ लागले. लाइट किती वेळ राहील? जबाब निघाला, शत्रू शरण येईल. चाची आतून ओरडली, "म्हणजे जाते!" आणि लाइट खरंच गेली. आज दुकानात गिऱ्हाईक येईल का? जबाब, कन्या होईल. चाची हसून हसून पदराने डोळे पुसत म्हणाली, "अवो बाई, या वयात सांभाळ." असे दिवस मजेत गेले.

त्या गुरुवारी मात्र मी ब्रश हातात धरून बसले होते आणि पुढचं पान उचलता येत नव्हतं. झाडून झालेल्या पानालाच पुन्हा झाडत होते. कारण माझ्याजवळ एकच सवाल उरला होता. तो घ्यायचा नाही असं ठरवलं तरी तोच मनात येत होता. लाइट राहील का, असं मी ओठांनी म्हटलं असतं, पण आत काय चाललं होतं ते मला माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, हा कागद आहे. याची शाई काजळीची आहे. लिहिणारा एक कंटाळलेला कारकून होता, त्याने एका ठिकाणी तीच ओळ दोनदा उतरवली आहे आणि एका ठिकाणी आठ ओळी गाळल्या आहेत. याच्या चुका तुला तोंडपाठ आहेत. हे सगळं खरं होतं, आणि तरी पान उचललं जात नव्हतं.

लांबून एखाद्या जीपचा आवाज आला की माझा ब्रश थांबायचा. जीप पुढे निघून गेली की पुन्हा तेच पान झाडायचं.

चाचांची हातोडी थांबली होती. माझ्या घरचं त्या दोघांना कळलेलं होतं. चाचीने दोडक्यांचं ताट उचललं आणि माझ्यासमोर येऊन मांडी ठोकून बसली.

"तू सवाल नको घेऊ. आज मी घेतो. मले तर या घरात येऊन जिंदगी गेली, पन या बुढ्यानं एक डाव पोथीले हात नाई लावू देल्ला."

"तू विचारशील काय, हे माहीत होतं ना," चाचा म्हणाले.

"काय विचारलं असतं?"

"हा बुढा कधी मरते."

"ते पोथीले काय विचाराचं? तुमची बिडी पाहून कोनी बी सांगन."

मला हसू आलं नाही, पण श्वास आला. चाची एकेक दोडकं सोलत सवाल सांगू लागली, आणि मी पान उचलू लागले. बकरी यंदा दोन देईल का? जबाब, राजदरबारी मान मिळेल. "बकरीले?" बल्लारपूरची नणंद ईदले येईल का? जबाब, हरवलेली वस्तू दक्षिणेस आहे. "बल्लारपूर दक्षिनेले नाई, जाऊ दे. म्हणजे येत नाई. शुकर आहे." अशी बरीच पानं झाली. मी चित्रांना नावं देत होते, साठवत होते. काम पुढे सरकत होतं आणि मला कोणाला काही विचारावं लागत नव्हतं.

मग तिने दोडकं खाली ठेवलं आणि त्याच आवाजात म्हणाली, "हिचा नवरा वापस येते का?"

माझा हात पानावर होता. नाही म्हणायच्या आत पान उचललं गेलेलं होतं.

"काऊन विचारलं?" मी ओरडलेच. "काऊन विचारलं चाची तुम्ही?"

"तू दोन दिवसांपासून विचारूनच राह्यली. मी फक्त तोंडानं म्हटलं."

चाचा उठून जवळ आले. मी पानाकडे बघितलं. ते जाड लागत होतं. कडेने बोट फिरवलं तेव्हा कळलं, दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. कधीतरी पाणी पडलं असेल, वरून फळीचा दाब. मजकूर सगळा आतल्या बाजूला. बाहेरून फक्त रमलाच्या ठिपक्यांची एक आकृती आणि मथळा: गेला माणूस येईल की नाही, त्याचे फळ.

मथळा मी दोनदा वाचला. सरांच्या प्रतीत हरवलेला भाग हाच होता. म्हणजे या मजकुराला दुसरी प्रत नाही, ताडून बघायला काही नाही. जे आहे ते या दोन पानांच्या पोटात.

"सवाल झाला आहे," चाचा म्हणाले. "आता जबाब पाहाच लागते, बाई. अर्धं सोडाचं नाई."

"आत्ता निघणार नाही, चाचा. ओढलं तर फाटेल." हे खरं होतं. खरं होतं म्हणून मला किती बरं वाटलं.

मी पानं दमट टीपकागदांच्या थप्पीत ठेवली, वर पत्र्याची रिकामी पेटी ठेवली, आणि कोपऱ्यावरच्या फोनच्या टपरीवर गेले. शेजारणीला विचारलं. फोन आला नव्हता. खात्याच्या ऑफिसला लावला. "काही नाही बाई. रस्ता खुलला की बघू." मग सरांना लावला, कारण कामाचं कळवणं भाग होतं. सर एकदम खूश झाले. त्या भागासाठी ते कितीतरी दिवस थांबले होते. मला म्हणाले, "सावकाश सोडवा. घाई करू नका." माझ्या घरचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, काम राहू द्या. तसं कोणी म्हणावं अशीच माझी इच्छा होती, म्हणूनच सांगितलं नाही.

परत आले. चाचीने भाकर पुढे ठेवली. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुपार उतरेपर्यंत त्या पेटीकडे बघत बसले. मग पेटी बाजूला केली, बांबूची पातळ कामटी घेतली आणि कडेपासून सुरुवात केली. कामटी एक बोटभर आत सरकवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची. आयुष्यात मी इतकं सावकाश काही केलेलं नाही. पानं सुटली तेव्हा समजलं की एकाची शाई दुसऱ्यावर उमटली आहे. दोन्हीकडे सुलट आणि उलट अक्षरांचा काला. खालच्या भागात वाळवीची भोकं. डोळ्यांनी एक शब्द लागत नव्हता.

"नाई दिसत?" चाचांनी विचारलं.

"डोळ्याने नाही दिसत. यंत्राने दिसेल."

तिथे मी थांबू शकले असते. चाचांना यंत्रातलं कळत नव्हतं. पण मला येतं ते काम येत नाही असं म्हणणं मला कधी जमलेलं नाही, भीती वाटत असतानाही नाही. दोन्ही पानं स्कॅन केली. एकाचं चित्र आरशातल्यासारखं उलटवलं, फिकं केलं, दुसऱ्यावर बसवलं, आणि जे दोन्हीकडे सारखं होतं ते वजा करत गेले. असं केलं की उमटलेली परकी शाई निघून जाते आणि पानाची स्वतःची शाई राहते. माझा संगणक जुना होता. प्रत्येक बदलाला पडदा वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी भरायचा. मी पट्टी भरताना बघत होते. अक्षरं वर येत होती, जशी पाण्याखालून काही वर यावं तशी.

ओळ लागली. नियम होता म्हणून मोठ्याने वाचली.

"गेला माणूस येईल. परंतु."

चाची म्हणाली, "येईल! पाहा, मी म्हटलं होतं!"

"पुढं?" चाचा म्हणाले.

पुढे भोकं. पुढची अक्षरं वाळवीच्या पोटात गेली होती, त्यांना कोणताही संगणक आणू शकणार नव्हता. मी कंसात टाइप केलं, अक्षरे गेली. ते टाइप करताना एकच कळ तीनदा चुकली.

लोकांना 'येईल' ऐकू आलं असतं. मला 'परंतु' ऐकू आलं. या पोथीत परंतु नंतर काय येतं ते मी आठवडाभर टाइप करत होते. परंतु विलंब लागेल. परंतु अंगी व्याधी राहील. परंतु मुखदर्शन होणार नाही. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नाही तिच्या एका न लिहिलेल्या अर्ध्या ओळीने माझी अशी गत केली की पुढचं पान न उचलता मी संगणक बंद केला. त्या दुपारी मला हे कळलं की भ्यायला विश्वास लागत नाही.

दिवेलागणीला मी घरी गेले. अंगणाच्या फाटकाशी शेजारीण उभी होती, तोंडावर पदर. मी फाटकाबाहेरच थांबले. ती म्हणाली, "आत आहेत. न्हाऊन राह्यले."

मी न्हाणीच्या दारापाशी गेले आणि पाण्याचा आवाज ऐकला. दार वाजवलं नाही. तांब्या बादलीत बुडत होता, अंगावर पाणी पडत होतं. तेवढं ऐकून स्वयंपाकघरात गेले आणि भात टाकला.

तो लाकडं नेणाऱ्याच्या बैलगाडीतून अर्धा रस्ता, आणि बाकी पायी आला होता. पायांना फोड. जेवताना मीच विचारलं.

"मारलं?"

"नाई. खांबावर होतो. खालून आवाज आला, उतर. उतरलो. आत घेऊन गेले. भात देल्ला, चटणी देल्ली."

"मग?"

"म्हणे, हा तार पोलीस चौकीत जाते. तुले माहीत आहे ना? मी म्हटलं, गावात बी जाते. म्हणे, पुन्हा जोडाले आला तर शिडीसगट तिथेच ठेवू." त्याने भात कालवला. "कच्चा कांदा आहे का?"

मी कांदा फोडून दिला. हात धुवायला तो उठला तेवढ्यात ऑफिसचा शिपाई आला; शेजारणीने फोन करून तिकडे कळवलं होतं. नवऱ्याला परत आलेला बघून शिपाई खरंच आनंदला, म्हणाला, "भाऊ, आम्ही तर आशाच सोडली होती." आणि मग निरोप सांगितला: रस्ता खुलला. सकाळी जीप येते. साहेबांचा हुकूम आहे, लाइन जोडायचीच. पोलीस सोबत देणार आहेत.

नवरा म्हणाला, "बरं."

शिपाई गेल्यावर मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "नोकरी आहे. माह्याजागी दुसऱ्याले पाठवतीन. त्याले बी बायको आहेच." आणि आडवा झाला तो लगेच झोपला. त्याच्या डोक्याखाली उशी सरकवताना मला वाटलं, परंतु नंतरची अक्षरं आता वाचायची गरज नाही, ती शिपायाने सांगितली.

सकाळी मी त्याला उठवलं नाही. त्याची हत्यारांची पिशवी घेतली, पकडी, टेस्टर, कमरेचा पट्टा सगळं आत आहे का बघितलं, आणि साहेबांच्या क्वार्टरवर गेले. जीप दारात उभी होती, इंजिन सुरू. तोच ड्रायव्हर. मला बघून त्याने पुन्हा मान खाली घातली. मी पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

साहेब बाहेर आले. "मिस्टर कुठे? उशीर होतो आहे."

"झोपले आहेत. साहेब, त्या लोकांनी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, पुन्हा आलास तर सोडणार नाही. तरी तुम्ही त्यांना पाठवता."

"पोलीस सोबत आहेत, बाई. काही होत नाही."

"मग तुम्हीही चला. तुम्ही पुढच्या सीटवर बसा. तुम्ही बसलात की मी घरी जाऊन त्यांना उठवते. पाच मिनिटांचं काम."

"हे काय बोलणं झालं? ही त्यांची ड्यूटी आहे."

"हो. आणि तुम्ही त्यांचे साहेब."

"मग दुसऱ्याला पाठवीन."

"पाठवा. त्याच्या बायकोलाही मी इथेच बोलावते. पायरी रुंद आहे, दोघी बसू."

साहेबांची बायको जाळीच्या दारामागून बघत होती. साहेब आत गेले. मी जीपमधून पिशवी काढून पायरीवर बसले. पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरली.

आत बायको काही बोलली, साहेब काही बोलले. मग फोन फिरवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ते खिडकीतूनच ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बंद कर. पोलीस आधी रस्ता पुन्हा तपासून येऊ देत. लाइनचं मग बघू. कोणी जाणार नाही आज."

ड्रायव्हरने किल्ली काढली. मी उठले, साडी झटकली, आणि पिशवी खांद्याला लावून घरी गेले. तो अजून झोपलेला होता. मी पिशवी धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि चहाचं आधण चढवलं.